फुलासाठी झाड पारखताना

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका उरलेल्या जिल्ह्यापेक्षा निराळा आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे पावसाची वाट पाहण्यात पावसाळा निघून जातो, तर घाटघर-रतनवाडीच्या माथ्यावर तोच पाऊस हजारो मिलिमीटरनं कोसळतो. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भंडारदऱ्याचं पाणी याच तालुक्यात आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्याही इथेच आहेत. इथल्या डोंगरउतारांवर, शेताच्या बांधांवर, वाडीच्या कडेला मोहाची जुनी झाडं उभी असतात. फाल्गुन-चैत्रात पानं झडतात, फांद्यांच्या टोकांना तांबूस मखमली कळ्यांचे झुबके येतात आणि उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत फिकट पिवळी, मांसल, गोड फुलं टपटप गळत राहतात. उन्हं चढण्याआधी ती वेचावी लागतात, नाहीतर गुरंढोरं आणि मुंग्या त्यांचा फडशा पाडतात.

फुलं वेचणाऱ्या बाईला विचारावं, यातलं चांगलं झाड कोणतं? ती लगेच बोट दाखवते. हे दर वर्षी फुलतं, ते एक वर्षाआड. याचं फूल दळदार, त्याचं बारीक. त्या ओढ्याकाठच्या झाडाचं फूल जरा कडसर लागतं, ते गुरांना घालायचं. वनशास्त्रातही हाच प्रश्न विचारला जातो. तिथे अशा झाडाला प्लस ट्री म्हणतात, म्हणजे आपल्या जातीच्या आजूबाजूच्या झाडांपेक्षा ठरावीक गुणांत ठळकपणे सरस असलेलं झाड. बाई बोट दाखवून जे सांगते त्याला आकडे आणि पुरावा जोडायला शास्त्राला काही वर्षं लागतात. ती वर्षं का लागतात हे नीट समजून घ्यायला हवं. घाईनं निवडलेल्या झाडाची कलमं लावून बसलं तर चूक उमगेपर्यंत दशक उलटून गेलेलं असतं.

आधी हे पाहू, की जंगलखात्याची झाड पारखायची जुनी नजर मोहाला का चालत नाही. वनशास्त्रात झाडांची निवड सुरू झाली ती लाकडासाठी. आपल्याकडे 1960 नंतर सागाची निवडक झाडं हेरून, त्यांच्या कलमांपासून बियाण्यांच्या बागा उभारण्याचं काम सुरू झालं. सागात काय बघायचं? खोड सरळ हवं, उंचापर्यंत फांदी नको, पीळ नको, घेर आटोपशीर हवा. आणि फुलोरा? तो जितका उशिरा येईल तितका चांगला. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. मुख्य शेंड्याला एकदा फुलोरा लागला की त्याची सरळ वाढ तिथेच थांबते, खाली दोन फांद्या फुटतात आणि खोड दुभंगतं. म्हणून लवकर फुलणारा साग लाकूड-निवडीत बाद होतो. गंमत अशी की उशिरा आणि कमी फुलणारी झाडं निवडून त्यांच्या बागा केल्या, तर त्या बागांतून बीही बेताचंच मिळतं. सागाच्या बियाणे-बागांची ही दुखरी बाजू आहे.

मोहाच्या बाबतीत सगळं उलटं आहे. सरळसोट, उंच, अंगानं आटोपशीर मोह फुलांच्या दृष्टीनं जवळपास निरुपयोगी असतो. मोहाची फुलं फांद्यांच्या टोकांजवळ झुबक्यांनी येतात, म्हणजे जितकी टोकं तितके झुबके. बुटकं, पसरट, चारी बाजूंनी ऊन घेणारं, खूप फांद्या फुटलेलं झाड इथे लाखमोलाचं. लाकूडवाला ज्या झाडाला वाकडंतिकडं म्हणून नाक मुरडेल, तेच कदाचित सर्वांत जास्त फुलं देणारं असेल.

मोहाची घडण मुळातून पाहिली तर निवडीचं काम आणखी उलगडतं. मोह हा चिकू, बकुळ आणि रांजणीच्या कुळातला. कळी पूर्ण उमलण्याआधीच तिच्यातून स्त्रीकेसराची लांब सोंड बाहेर डोकावते. फूल आधी मादी असतं, पराग मागाहून पिकतो. त्यामुळे बहुतेक पराग दुसऱ्या झाडाचा येतो. तो आणण्यात रात्री रस प्यायला आणि गर खायला येणाऱ्या वटवाघळांचा मोठा वाटा असतो. आपण ज्याला मोहफूल म्हणतो ती असते नुसती पाकळ्यांची जाड, रसाळ कुपी, आतल्या पुंकेसरांसकट. ती गळून पडते, पण बीजाशय मात्र वर देठालाच राहतं आणि आषाढाच्या सुमारास त्याची मोहटी, म्हणजे तेलबीचं फळ, होते. म्हणजे फुलं वेचल्यानं मोहट्या कमी होत नाहीत. एकाच झाडाखाली चैत्रात साखर मिळते आणि पावसाळ्याच्या तोंडाला तेल. असा दुहेरी हंगाम देणारी झाडं आपल्याकडे थोडी आहेत, आणि तरीही मोहाला आपण फळझाडाचा मान कधी दिला नाही.

पराग परका असल्याचा दुसरा परिणाम असा, की बी कितीही उत्तम झाडाचं घेतलं तरी त्यातून तसंच झाड येईल याची खात्री नाही. आई माहीत, बाप अज्ञात. रोपांमध्ये गोडी, दळ, बहराची वेळ, सगळंच वेगवेगळं निघतं. शिवाय मोहाचं बी टिकत नाही. ते वाळलं की त्याची उगवणशक्ती झपाट्यानं जाते, त्यामुळे पडल्यापडल्या पेरावं लागतं. बियापासूनचं झाड फुलायला आठ-दहा वर्षं सहज घेतं, पुष्कळदा त्याहूनही जास्त.

आता प्रत्यक्ष पारख. समजा अकोल्यातल्या राजूर परिसरात दोन झाडं निवडीसाठी उभी आहेत. पहिल्याचा घेर 14 मीटर व्यासाचा, हंगामात मिळाली 60 किलो ओली फुलं. दुसऱ्याचा घेर फक्त 8 मीटर आणि फुलं 35 किलो. गावात पहिल्याचंच नाव निघेल. पण घेराचं क्षेत्रफळ काढा. पहिलं झाड सुमारे 154 चौरस मीटर जागा अडवतं, दुसरं साधारण 50. चौरस मीटरमागे पहिल्याची फुलं 390 ग्रॅम, दुसऱ्याची 700. नवी लागवड करायची तर जमीन मोजूनच मिळते, तेव्हा कलमाच्या काड्या दुसऱ्या झाडाच्या घ्याव्यात. नुसत्या एकूण वजनावर झाड निवडलं तर आपण थोरल्या झाडाला बक्षीस देतो, चांगल्या झाडाला नाही. हा फरक ध्यानात ठेवणं हा मला या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो.

ही मोजणी करायला फार साधनं लागत नाहीत. झाडाचा घेर दोन दिशांनी टेपानं मोजायचा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, आणि त्यांची सरासरी काढायची. खोडाचा वेढा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्यायचा. मग बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध, चारी दिशांना एकेक चौरस मीटरचं जुनं स्वच्छ कापड किंवा जाळी जमिनीपासून थोडी वर ताणून बांधायची. रोज सकाळी त्यात पडलेली फुलं दिशावार तोलायची. पूर्वेचं कापड आणि पश्चिमेचं कापड यांत फरक दिसतो, तो सावलीचा असतो. शंभर फुलांचं वजन वेगळं घ्यायचं आणि वाळल्यावर पुन्हा घ्यायचं, कारण बाजारात वाळलेलं फूल जातं आणि पाण्याचे पैसे कोणी देत नाही. गोडी मोजायला ब्रिक्सचं दुर्बिणीसारखं छोटं उपकरण पुरतं. ऊस आणि द्राक्षं पिकवणाऱ्या या जिल्ह्यात ते शेतकऱ्याला नवं नाही. फुलाच्या रसाचे दोन थेंब काचेवर टाकले की आकडा दिसतो. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच असतं, तेव्हा झाडाझाडांतला थोडा फरकही क्विंटलमागे जाणवतो.

याशिवाय काही गुण असे आहेत, की ते तराजूत मावत नाहीत आणि वेचणाऱ्यांकडूनच कळतात. वाळलेल्या फुलातले पुंकेसर झोडून काढावे लागतात. ज्या झाडाच्या फुलातून ते चटकन सुटतात त्याचं फूल खायला स्वच्छ आणि करायला कमी कष्टाचं. काही झाडांची फुलं पंधरवड्यात उरकतात, काहींची महिनाभर रेंगाळतात. एकाच घरातल्या दोन बायकांना रोज वेचायचं असेल तर लवकरचं, मधलं आणि उशिराचं, अशी तिन्ही झाडं हवीत. सगळी एकदम फुलली तर निम्मी फुलं मातीत जातील. निवडीच्या तक्त्यात या गोष्टींना रकाना हवाच. माझं ठाम मत आहे की मोहाच्या निवडीचा तक्ता वेचणाऱ्या बायकांना बाजूला सारून तयार होऊच नये.

इथवर मोजून झाडं मिळतात ती निव्वळ उमेदवार असतात. खरी अडचण पुढे आहे. समोर दिसतो तो गुण झाडाच्या रक्तातला किती आणि जागेचा किती? शेणखताच्या उकिरड्याशेजारचा मोह भरभरून फुलतो, तर खडकावरचा मोह आपल्या अंगची ताकद दाखवूच शकत नाही. अकोल्यात तर हा प्रश्न आणखी कठीण होतो, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे काही मैलांत पाऊस इतका घटतो की दोन गावांमधली झाडं एकमेकांशी तोलणंच अन्यायाचं ठरतं. म्हणून उमेदवार झाडाची तुलना त्याच शेजारातल्या, त्याच अंदाजे वयाच्या, तशाच मातीतल्या झाडांशी करायची असते. लाकडाच्या जातींमध्ये यासाठी जवळची चार-पाच झाडं घेतात. मोह एकेकटा विखुरलेला असला की तेही जमत नाही. मग त्या पट्ट्यातली पुष्कळ झाडं मोजून, अमुक घेराच्या झाडाकडून सरासरी किती फुलांची अपेक्षा धरायची ते काढायचं आणि त्या अपेक्षेच्या बरंच वर जाणारी झाडं उचलायची.

त्यात वर्षाचा घोळ आहेच. मोह दर वर्षी सारखा फुलत नाही. एका भरघोस बहरानंतर पुढचं वर्ष हलकं जाणं हे त्याच्यात नेहमीचं आहे, आणि बहराच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की फुलं काळी पडून कुजतात. एका वर्षाच्या आकड्यावर निवडलेलं झाड म्हणजे एका सामन्यावरून निवडलेला फलंदाज. किमान तीन, जमल्यास चार-पाच हंगामांची नोंद हवी. सलग वर्षांत बेताचं पण न चुकता फुलणारं झाड, एका वर्षी डोळे दिपवून पुढल्या वर्षी पाठ फिरवणाऱ्या झाडापेक्षा घर चालवायला जास्त उपयोगी.

या नोंदीनंतर निवडलेल्या झाडांची कलमं करून, न निवडलेल्या साध्या झाडांच्या कलमांसोबत, एकाच जमिनीत, जागा आलटूनपालटून लावतात. तिथे सगळ्यांना एकच माती, एकच पाऊस मिळतो. तिथेही जे वरचढ ठरतं त्याचा गुण रक्तातला म्हणायचा. उमेदवार झाड इथे पास होतं किंवा नापास होतं. नापास होणारी पुष्कळ असतात, आणि त्यात कुणाचा दोष नसतो.

कलमाची वाट मोहात मोकळी झाली आहे ही मोठी जमेची बाजू. गुजरातमध्ये गोध्र्याजवळ वेजलपूर इथल्या केंद्रीय उद्यान प्रयोग केंद्रानं कोरडवाहू भागातल्या मोहाच्या झाडांचा संग्रह केला, मृदुकाष्ठ कलमाची पद्धत बसवली आणि निवडीतून ‘थार मधु’ नावाची जात पुढे आणली. कलमाची काडी फुलत्या, जाणत्या झाडाची असते, म्हणून कलम बियाच्या रोपापेक्षा कितीतरी आधी फुलतं. ते बुटकं राहतं, त्यामुळे खाली जाळी बांधता येते, फुलाला माती लागत नाही आणि पालापाचोळा जाळून जमीन साफ करण्याची गरज उरत नाही. हे शेवटचं फार मोलाचं आहे. फुलं दिसावीत म्हणून मोहाखाली लावलेली आग पुढे पसरते आणि दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या किती रानांना वणवा लावते, हे वनखात्याला आणि गावकऱ्यांना दोघांनाही ठाऊक आहे. त्या आगीत मोहाची स्वतःची रोपंही जळतात. जुनी झाडं उभी आणि त्यांच्याखाली एकही तरणं झाड नाही, हे चित्र त्यामुळेच जागोजागी दिसतं.

झाड निवडून कलमानं वाढवण्याची कला नगर जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. 1936 साली फलोत्पादनतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात आळंदी डाळिंबाच्या रोपांतून एक झाड निवडलं आणि पुढे 1970 मध्ये त्याला ‘गणेश’ हे नाव मिळालं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘भगवा’ दिला आणि संगमनेर-राहात्याच्या कोरड्या माळांवर लाल बागा उभ्या राहिल्या. याच राहुरीत कृषिवनिकीच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं केंद्रही आहे. अकोल्याच्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात यांचं गावठी बियाणं पारखून जपलं आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चांगलं ते ओळखणं आणि जपणं या मातीत आहेच.

डाळिंबानं मात्र एक कडू धडाही दिला. एकदोन जातींचीच कलमं हजारो हेक्टरवर पसरली, आणि 2000 नंतरच्या दशकात तेल्या रोग आला तेव्हा बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. कलमं सगळी एकाच झाडाची लेकरं, त्यामुळे जे एकाला लागतं ते सगळ्यांना लागतं. मोहाचं तर आयुष्य माणसाच्या दोन-तीन पिढ्यांचं. आज लावलेलं झाड आपल्या पणतूंच्या काळातल्या हवामानालाही तोंड देणार आहे. म्हणून सर्वोत्तम असं एकच झाड शोधायचं नसतं. वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या उंचीवरची पंधरा-वीस झाडं निवडायची आणि लागवडीत ती मिसळून लावायची. यात थोडं उत्पादन हातचं जातं हे खरं. पण ते सोडण्याजोगं आहे.

पश्चिम आफ्रिकेत हीच गोष्ट फार जुन्या काळापासून घडत आली. माली, बुर्किना फासो, घानाच्या शेतांत शिया नावाचं झाड उभं असतं. तेही मोहाच्याच कुळातलं. बियांतून लोणी निघतं आणि ते गोळा करतात बायकाच. तिथले शेतकरी रान साफ करताना गोड गराची, मोठ्या बियांची शियाची झाडं राखतात आणि बाकीची तोडतात. अशा पिढ्यानुपिढ्यांच्या राखण्यातून शेतातली झाडं रानातल्यांपेक्षा वेगळी होत गेली. आपल्याकडेही शेत काढताना मोह तोडत नाहीत, बांधावर राखतात. म्हणजे अकोल्याच्या बांधांवरचे मोह आधीच निम्मे निवडलेले आहेत. संशोधकानं सुरुवात रानातून नव्हे, बांधावरून करावी, असं मला वाटतं ते यामुळे.

कायदाही आता आडवा येत नाही. मोहफुलाकडे सरकार दीडशे वर्षं दारूच्याच नजरेनं पाहत आलं. ठाणे-कुलाब्यासाठी 1892 साली मुंबई सरकारनं मोहफुलांविरुद्ध खास कायदा केला होता. 2021 मध्ये महाराष्ट्रानं फुलं गोळा करण्या-बाळगण्यावरचे निर्बंध उठवले. त्याच वर्षी छत्तीसगडची वाळवलेली मोहफुलं फ्रान्सला रवाना झाली. मोहाची तोड 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं नियंत्रित आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला आहे. झाड गावाचं, फूल गावाचं. तेव्हा निवडलेल्या झाडाच्या काडीवरही गावाचा आणि ते झाड दाखवणाऱ्या बाईचा हक्क मानला पाहिजे. तिचं नाव नोंदवहीत झाडाच्या क्रमांकाशेजारी लिहिलं जावं.

हे सगळं करायला मोठ्या प्रकल्पाची वाट बघण्याची गरज नाही. राजूर, शेंडी, कोतूळकडच्या शाळा-आश्रमशाळांतली मुलं येत्या चैत्रात आपापल्या वाडीतल्या दहा झाडांना रंगानं क्रमांक घालू शकतील, चार कापडं बांधू शकतील, रोजचं वजन वहीत लिहू शकतील. तीन चैत्र अशी वही राखली तर राहुरीच्या शास्त्रज्ञांना ती हवीहवीशी वाटेल. आणि कुणी तुम्हाला मोहाचं कलम विकायला आलं तर त्याला तीन गोष्टी विचारा: आईचं झाड कुठल्या गावचं, त्याची किती वर्षांची नोंद आहे, आणि तुमच्याकडे अशा किती वेगवेगळ्या झाडांची कलमं आहेत. तिन्हींची उत्तरं मिळाली तरच घ्या, आणि घ्याल तेव्हा एकाच झाडाची सगळी घेऊ नका.